इवायाला नुसतं पाणी

माझ्या इवायांनी उभ्या जन्मात चहा घेतला नाही. इवाई म्हणजे माझ्या पोराचे सासरे. शहरातली माणसं व्याही म्हणतात, आमच्या देवणीकडं इवाई. त्यांचं नाव मी हितं लिहीत नाही. जित्तेपणी त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, आता कागदावर कशाला मारायची.

कुणी चहाचं विचारलं की ते उलटं विचारायचे, "चहाचं पातेलं आतून बघितलंय का कधी? काळं कुळकुळीत. ते तर धातूचं हाय. तुमचं आतडं कशाचं हाय, पाव्हणं?"

मी उठता-बसता चहा पिणारा माणूस.

ते प्यायचे कोल्ड्रिंग. नारंगी रंगाचं, लग्नात लेकरं पिऊन अंगावर सांडतात ते. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला भस्म, आणि मग पहिला पेला. दुकान उघडलं की दुसरा. दुपारी जेवणात ताकाच्या जागी तेच. शिळी भाकरी कुस्करून तिच्यावर नारंगी कोल्ड्रिंग ओतून काला करताना मी त्यांना ह्या डोळ्यांनी बघितलंय. ईहीणबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लाजेनं भिंतीकडं तोंड केलं होतं.

मी म्हणालो, "इवाई, चव तरी कशी लागती हो?"

"तुमच्या ताकापेक्षा बरी. ह्याला म्हशीचा वास येत न्हाई."

"माझ्या दावणीला देवणी गाई हायत. म्हैस मी पाळत न्हाई."

"मग गाईला माझा नमस्कार सांगा," म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

त्यांचं उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. गादीवर बसायचे, पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि शेजारी पितळेचा एक पेला. बाटलीला तोंड लावायचं नाही, ही त्यांची रीत. नळीचा तर फारच राग. "नळीनं पिणं डासाचं काम हाय, माणसाचं न्हाई." पेल्यात वरून धार धरून ओतायचे, मग पेला कानाशी न्यायचे. आत बुडबुडे फुटण्याचा बारीक आवाज येतो, तो ऐकायचे. आवाज चालू आहे तोवर प्यायचं. आवाज थांबला की म्हणायचे, "मुकं झालं," आणि उरलेलं दारातल्या तुळशीपासून लांब फेकून द्यायचे.

कानाचा हा नाद त्यांना धंद्यातून लागला होता. घागर असो, परात असो, बोटाच्या पेरानं टकटक करून कानाशी धरल्याशिवाय विकायचे नाहीत. समोर गिऱ्हाईक पैसे काढून उभं, आणि हे म्हणणार, "हिचा आवाज बसलाय. लेकीच्या रुखवतात देऊ नका. पुढच्या आठवड्यात या." गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन घेऊन जायचं. त्यांचा पोरगा कपाळावर हात मारायचा.

माणसंसुद्धा ते अशीच तपासायचे. आम्ही पोरगी बघायला उदगीरला गेलो, तो दिवस मला चांगला आठवतो. दुसऱ्या घरी पोराचं शिक्षण विचारतात, जमीन विचारतात. ह्यांनी काही विचारलं नाही. माझ्या पोराला दारात नेलं, रस्त्यापलीकडं एक रिक्षावाला झोपला होता, तो दाखवला, आणि म्हणाले, "त्याला हितून हाक मारून उठवा."

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हणालो, "मार की. गुरांना मारतोस तशी मार."

त्यानं मारली. रिक्षावाला दचकून उठला, शेजारची कुत्री उठली, वरच्या मजल्यावरची एक बाई खिडकीत आली. इवाई आत येऊन गादीवर टेकले आणि बायकोला म्हणाले, "खणखणीत हाय. द्यायला हरकत न्हाई."

आमच्यातल्या एका पाव्हण्याला चहाची तलफ आली होती. त्यानं तसं सुचवलं. इवाई म्हणाले, "समोर हॉटेल हाय. पैसे मी देतो. पण माझ्या घरात चहाचं भांडं न्हाई, आन् भांड्याच्या दुकानदाराच्या घरात न्हाई म्हंजे मुळातच न्हाई." आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना नारंगी कोल्ड्रिंग ओतलं. मला माणूस आवडला. मीसुद्धा कुणापुढं वाकणारा नाही. चौथीत असताना मास्तर माझ्या बापाला काही बोलले म्हणून मी शाळेतून उठलो तो उठलोच. बाप स्वतः हात धरून न्यायला लागला तरी गेलो नाही. असल्या माणसाला असलाच इवाई पाहिजे.

लग्नात मुलीच्या बापानं काय करावं, तर माणसांची उठबस बघावी. हे मांडवाच्या मागं बर्फाच्या टाकीजवळ बाह्या सरसावून उभे. कोणत्या बाटलीला गारवा लागला, कोणती अजून गरम आहे, हे हात घालून बघत होते. अक्षता पडायच्या वेळी त्यांना शोधायला माणूस पाठवावा लागला. आले ते दोन्ही हात गार पडलेले, लाल. त्याच हातांनी लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आणि मग तेच हात तोंडावर धरून लेकरासारखे रडले.

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात दारात कोणी आलं की पाणी द्यायचं. ते तर वाटसरूलाही द्यायचं. बसला की चहा. आणि पाव्हणा मानाचा असला, जावई, इवाई, मामा, तर दुकानातून थंडा मागवायचा. पाव्हण्यानं "कशाला, कशाला" म्हणायचं, घरच्यानं ऐकायचं नाही. थंडा आला की मान आला. मानाच्या पाव्हण्यापुढं नुसतं पाणी ठेवलं, तर त्याचा अर्थ तुम्ही का आलात, असा होतो. पूर्वी आमच्याकडं अशा वेळी गुळपाणी होतं, शरबत होतं. आता बाटली आहे, इतकाच फरक.

एका उन्हाळ्यात दुकानात माळ्यावरून घागर काढताना ती इवायांच्या पायावर पडली. अंगठ्याला खोक पडली. हळद लावली, मलम लावलं, जखम काही भरेना. शेवटी लातूरला दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. डॉक्टर तरणा होता, पण आदबीनं बोलायचा. रक्त तपासलं आणि त्यानं विचारलं, "आजोबा, गोड काय काय खाता?"

"मी गोड खात न्हाई. लाडू न्हाई, पेढा न्हाई, काय न्हाई."

ईहीणबाई मागून म्हणाल्या, "कोल्ड्रिंग पितात. पाण्याच्या जागी."

डॉक्टरनं हातातला कागद खाली ठेवला. म्हणाला, "ते आजपासून बंद. नाहीतर आधी अंगठा काढावा लागेल. मग पाय."

"पाय कुठवर?" इवायांनी विचारलं.

डॉक्टरनं आपल्याच पायावर गुडघ्याच्या खाली हात आडवा धरून दाखवला. बाहेर आल्यावर इवाई बाकावर बसले. मग गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि म्हणाले, "आण हाय. आजपासनं माझ्या घरात आन् माझ्या दुकानात बाटली येणार न्हाई."

ईहीणबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मीही मनात म्हणालो, हा माणूस आण मोडायचा नाही. आणि त्यांनी ती मोडली नाही, हे मी आजही कुणापुढंही सांगेन. घरी जाऊन उरलेल्या सगळ्या बाटल्या त्यांनी स्वतःच्या हातानं नालीत ओतल्या. ओतताना वाकून आवाज ऐकत होते. त्या नालीला मुंग्या लागल्या त्या लई दिवस हटल्या नाहीत.

सुरुवातीला फार हाल झाले. डोकं दुखायचं. गिऱ्हाइकावर ओरडायचे. ईहीणबाईंनी जिऱ्याचं पाणी करून पेल्यात दिलं, तर पेला कानाशी धरून म्हणाले, "हे मेलेलं हाय." दुकानात बसवेना म्हणून त्यांनी ते पोराच्या नावावर केलं. आणि मग हळूहळू त्यांच्यात एक नवाच फरक पडला. माणूस माणूसवेडा झाला.

आधी ते कुणाकडं जायचे नाहीत. लग्नालासुद्धा पोराला पाठवायचे. आता म्हाताऱ्यांना एसटी फुकट झाली होती. हे सकाळी भस्म लावून, खांद्याला पिशवी अडकवून, पिशवीत पेला टाकून निघायचे. कुणाच्या घरी बारसं, कुणाचं पोरगं पास झालं, कुणाची बाई आजारी. कारण नसलं तर "सहज आलो, बघावंसं वाटलं." सोयरे खूष झाले. मयतीच्या घरीही जायचे, पण तिथं चहाच मिळतो, थंडा कोणी देत नाही. म्हणून तिथं घटकाभर बसून त्याच गावातल्या दुसऱ्या सोयऱ्याकडं वळायचे. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही म्हणायचो, दुखण्यानं माणसाला माणसाची किंमत कळली.

मला मात्र एक गोष्ट सलत होती. सगळ्यांच्या दारात जातात, माझ्या दारात येत नाहीत. इवाई म्हणून पहिला मान माझा. मी काय केलं?

शिरूर अनंतपाळला एका लग्नात माझ्या बहिणीचा दीर भेटला. म्हणाला, "तुमचे इवाई परवाच येऊन गेले. काय माणूस हाय हो! थंडा दिला तर दोन्ही हातानं घेतला. खिशातून रुमाल काढावा तसा पिशवीतून पेला काढला. म्हणाले, तुमच्या घरी अन्नपूर्णा हाय."

माझं डोकं फिरलं, त्या रागात डॉक्टरचं बोलणं आठवलंच नाही. घरी आलो आणि पायातली चप्पल न काढता सुनेला विचारलं, "तुझ्या बापाला माझ्या घराचा रस्ता सापडत न्हाई का? शिरूरला जाऊन थंडा पितात, माझ्या दारात पाणी प्यायला येत न्हाईत."

सून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"काय पितात म्हणालात, मामा?"

"थंडा. दोन्ही हातानं."

तिनं ताट बाजूला सारलं, भिंतीला टेकून बसली. त्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला होता. घरात साखरेचा डबासुद्धा कुलपात आहे, तरी शुगर उतरत नाही, जखम परत ओली झाली, डॉक्टर चिडलेत, म्हणतात घरातलं कोणीतरी लपून देतंय. आता सुनेला समजलं कोण देतंय. सगळेच देत होते. दुखणं चारचौघांत सांगायचं नाही, ही त्या घराची रीत. म्हणून सोयऱ्यांपैकी कुणाला शुगरचं ठाऊकच नव्हतं. आणि आमच्याकडं ते का येत नाहीत, तेही मला कळलं. आमच्याकडं त्यांची लेक होती.

मी म्हणालो, "मी उद्या जातो उदगीरला. तोंडावर सांगतो."

"काय सांगणार? आप्पा म्हणतील, मी आण मोडली न्हाई. घरात न्हाई, दुकानात न्हाई. आन् खरंच मोडली न्हाई. मग भांडणार कशावरून?"

"म्हणून काय गप बसायचं?"

"गप न्हाई बसायचं." तिनं फोन हातात घेतला. "सगळ्यांना सांगते. आप्पा आले तर पाणी द्या, जेवायला घाला, पण थंडा देऊ नका. आन् मी सांगितलं म्हणून सांगू नका. त्यांना कळलं तर रागानं गोळ्या सोडतील. मागं एकदा सोडल्या व्हत्या."

मी खरंच भडकलो. "अगं, इवाई हायत ते! जावयाच्या, भावकीच्या दारात त्यांच्यापुढं नुसतं पाणी ठेवणार? माणसाची इज्जत हाय का न्हाई? माझ्या घरी आले तर मी असलं करणार न्हाई. माझा मान जाईल."

ती शांतपणे म्हणाली, "तुमचा मान ऱ्हाईल, मामा. माझा बाप ऱ्हाईल का?"

माझ्यापुढं कुणी असं बोललेलं मला खपत नाही. पण त्या पोरीनं लग्न होऊन आल्यापासून कधी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नव्हता. मी गोठ्यात निघून गेलो. पाठीमागं ती एकेकाला फोन लावत असल्याचा आवाज येत होता. "काकू, एक विनंती हाय... मामी, ऐका ना..."

सोयऱ्यांनी शब्द पाळला. आमची माणसं अशी आहेत. कुणाचं चांगलं होत असेल तर आपल्यावर वाईटपणा घेतील, पण तोंडातून शब्द काढणार नाहीत. आणि तिथंच घात झाला.

इवाई एका घरी गेले, पाणी आलं. त्यांना वाटलं, बाई विसरली. दुसऱ्या घरी गेले, पाणी. तिसऱ्या घरी "जेवून जावा" म्हणून आग्रह झाला, पण थंड्याचं नाव नाही. मग हिमायतनगरला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरी गेले. उदगीरहून तिथवर जायचं म्हणजे दिवस मोडतो. तिथं भाच्यानं पाणी दिलं आणि वर बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. ज्या माणसाच्या घरात चहाचं भांडं नाही, त्याच्यापुढं चहा. भाच्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण काळजी घेतली. इवाई त्या कपाला हात न लावता उठले.

त्यानंतर ते आमच्याकडं आले. सून नसताना मुद्दाम आले असं नाही, पण नेमकी ती त्या दिवशी देवणीच्या बाजाराला गेली होती. घरात मी आणि माझी म्हातारी, पोराची आई. ते ओसरीवर बसले. पाय लांब केला, अंगठ्याला पट्टी होती. म्हातारीनं तांब्याभांडं आणून ठेवलं.

"इवाई," ते म्हणाले, "माणसं बदलली."

"काय झालं?"

"दुकान पोराच्या नावावर केलं तवापासनं बघून ऱ्हायलो. गादीवर होतो तर माणूस होतो. आता कुणाच्या दारात गेलो तर पाणी देतात. नुसतं पाणी. बहिणीच्या घरीसुद्धा. जसं काय मी वर्गणी मागायला आलोय."

"तसं नसंल हो."

"मग कसं हाय? तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत न्हाई."

माझ्या जिभेवर आलं होतं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि मान नाही म्हणून हलवली. त्यांच्या पायाची पट्टी माझ्या समोरच होती, पिवळी पडलेली.

मी म्हणालो, "जेवून जावा."

ते थोडा वेळ दाराकडं बघत राहिले. मी कुणाला दुकानाकडं पाठवतो का, हे बघत होते. मला ते कळत होतं, आणि मी कळत नसल्यासारखा बसलो होतो. मग त्यांनी पिशवीतून पेला काढला. तांब्यातलं पाणी वरून धार धरून त्यात ओतलं. पेला कानाशी नेला. ऐकलं.

"मुकं हाय," म्हणाले. आणि सगळं पाणी पिऊन, पेला पिशवीत ठेवून, "शरणार्थी" असा आमच्यातला नमस्कार करून निघाले. जेवले नाहीत. मी फाट्यापर्यंत सोबत गेलो. एसटी आली. गाडीत चढताना पायरीवर त्यांचा पाय अडखळला, मी हात दिला, तो त्यांनी धरला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी घर सोडलं नाही. लग्न नाही, बारसं नाही, मयत नाही. बोलावणं आलं तर पोरगा जायचा. आणि औषध म्हणून हे बरोबर लागू पडलं. शुगर उतरली. जखम आधी कोरडी झाली, मग बुजली. डॉक्टरनं सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाला, "ह्या वयात सवय मोडणं सोपं नसतं. आजोबांनी जिद्दीनं मोडली." ईहीणबाईंनी फोनवर हे सुनेला सांगितलं तेव्हा ती हसली आणि रडलीही. मला म्हणाली, "बघा मामा, झालं ना?"

"झालं. आता त्यांना खरं सांग."

"अजून थोडं थांबू. परत सुरू झालं तर?"

दर सणाला मी तेच म्हणायचो, दर सणाला ती तेच म्हणायची. शेवटी मी तिला न विचारता उदगीरला गेलो. बापाला किती दिवस असं अंधारात ठेवायचं? ते आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. अंग उतरलं होतं, पण चेहऱ्यावर तेज होतं. पाय खाली सोडलेले, दोन्ही नीट. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. लेकीचे फोन, सोयऱ्यांचा शब्द, भाच्याचा चहा, माझ्या ओसरीवरचं पाणी.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मला आधीच तोंडावर का सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का?"

त्यांनी खरोखर विचार केला. खोटं बोलायला दोघांनाही येत नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. तुमचं बरोबर हाय. पोरीचं बरोबर हाय." खिडकीच्या गजावर त्यांनी पेरानं टकटक केलं. "पण मी त्या माणसांना मनातून टाकून दिलं, इवाई. हितं बसून एकेकाचं नाव घेऊन शिव्या घातल्या. बहिणीला घातल्या. ती मागच्या साली गेली. मी मातीला गेलो न्हाई. म्हणालो, जिच्या घरात मला मान न्हाई तिच्या मातीला कशाला जाऊ."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

"आता सगळ्यांच्या घरी चला," मी म्हणालो. "मी सोबत येतो. हिमायतनगरपासनं सुरू करू."

"कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांनी तर काहीच केलं न्हाई. जे केलं ते माझ्या पायासाठी केलं. मी जाऊन काय सांगू, की मी तुम्हाला आजवर नालायक समजत व्हतो?"

"सांगू नका. नुसतं जावा."

"नुसतं जाता येत न्हाई, इवाई. तुम्ही गेला असता का?"

मीही विचार केला. गेलो नसतो. त्यांनी ईहीणबाईंना हाक मारली. म्हणाले, "इवायांना चहा पाजा." त्या चकित होऊन बघत राहिल्या. घरात भांडंच नव्हतं. मग पोराकडून समोरच्या हॉटेलातून मागवला. त्या घरात मी प्यालेला तो पहिला चहा. गोड होता.

"माझ्याकडं तरी या," मी निघताना म्हणालो.

"येतो की," म्हणाले. आले नाहीत. पंचमीला बोलावलं, दिवाळीला बोलावलं. दर वेळी निरोप यायचा, पाय दुखतो. दुखत होता तेव्हा गावोगाव फिरले, बरा झाला तेव्हा दुखायला लागला. लेकीनं जाऊन पाय धरले, रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू काय चूक केली न्हाईस, माय." तिच्यावर राग नव्हता. तिला घरी येऊ द्यायचे, लेकरांना मांडीवर घ्यायचे. पण उंबरा ओलांडला नाही.

आम्ही चुकलो का? सून म्हणते, नाही. परत वेळ आली तरी तेच करीन म्हणते. मी म्हणतो, तोंडावर सांगायला पाहिजे होतं, मग तो माणूस ऐको ना ऐको. त्यानं नसतं ऐकलं तर पाय गेला असता, हे ती म्हणते, आणि तेही खरं आहे. मी अजून तिच्याशी ह्यावर भांडतो. ती अजून हटत नाही. तिच्या बापाची आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते खिडकीशी बसल्या जागी गेले. शुगरनं नाही, पायानं नाही, काळीज थांबलं. खबर गेली आणि सगळे सोयरे आले. शिरूरचे आले, हिमायतनगरचा भाचा आला. सगळे तेच म्हणत होते, मोठा माणूसवेडा माणूस होता, मधेच यायचं का बंद झालं कळलं नाही. भाचा मला म्हणाला, "मामांना आमचं काही खुपलं का हो?" मी त्याला काहीच सांगितलं नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. अंघोळ घालून, भस्म लावून, बसवायच्या आधी मी त्यांच्या पायावर पाणी घातलं. इवाई म्हणून ते मला घालू दिलं. उजव्या अंगठ्यावर जखमेची एक बारीक पांढरी रेघ होती, बाकी काही नाही. मी तळवे हातात घेतले. आमच्या वयाच्या माणसाच्या टाचेला भेगा असतात, त्यात माती बसलेली असते, ती धुतली तरी निघत नाही. ह्यांच्या टाचेला एक भेग नव्हती. रांगायला न लागलेल्या लेकराचे असावेत, तसे मऊ तळवे.

सून समोर बसली होती. तिनं ते पाय पदरानं पुसले, एक पुसला, मग दुसरा.

"दोन्ही हायत बघा, मामा," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो.